मालिका चालू असताना 'सौभद्र': एनओसी, रियाज, तालीम आणि नाइट

रोजच्या मालिकेत काम करत असताना मी 'संगीत सौभद्र' या जुन्या संगीत नाटकात नायिका सुभद्रा केली. तेव्हापासून मालिकांमधली मुलंमुली मला तीन गोष्टी विचारतात. चॅनेलनं सोडलं कसं, गाणं कुठं शिकलीस, आणि पैसे मिळतात का. मला सगळ्यात जड गेला तो चौथा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही: बोलता बोलता गायला लागायचं कसं? जे जसं समोर आलं तसं सांगते.

फोन आला फेब्रुवारी 2024 मध्ये. निर्मात्यांनी आडपडदा ठेवला नाही. गाणारी मुलं त्यांच्याकडे तयार होती, पण संगीत नाटकाच्या जाहिरातीत एकही ओळखीचा चेहरा नसेल तर पहिल्या प्रयोगाचं बुकिंग हलत नाही, असं त्यांचं म्हणणं. मालिकेच्या गणपतीच्या भागात मी आरती स्वतः म्हटली होती, ती कुणीतरी त्यांना दाखवली होती. "गाणं किती झालंय?" म्हणाले. शाळेत असताना गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत दिल्या होत्या, पुढे कॉलेज, एकांकिका, मुंबई, आणि तानपुरा कपाटावर. तेच सांगितलं. "मग या भेटायला."

मधल्या दिवसांत नाटकाचं पुस्तक वाचून काढलं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात आणलं आणि दोनच वर्षांनी, 18 नोव्हेंबर 1882 ला, 'सौभद्र'चे पहिले तीन अंक. पाचही अंक पुढच्या वर्षी झाले. पहिली सुभद्रा भाऊराव कोल्हटकरांची. शंभराहून जास्त पदं, त्यात साक्या, दिंड्या, कामदा अशी जुन्या वृत्तांतली, सगळं. मी घाबरत घाबरत वाचायला घेतलं आणि दुसऱ्या अंकापर्यंत हसायला लागले. थोरला भाऊ बलराम धाकट्या बहिणीचं, सुभद्रेचं, लग्न तिला न विचारता दुर्योधनाशी ठरवतो, मधला भाऊ कृष्ण वरवर हो म्हणून आतून सूत्रं हलवतो, वहिनी मध्ये पडते, एक अपहरण होतं, एक खोटा संन्यासी, म्हणजे अर्जुन, घरात येऊन राहतो. आमच्या चॅनेलला एवढ्यावर वर्षभराचे भाग मिळाले असते. द्वारकेतली ही माणसं बोलतातही मराठी घरातल्यासारखी, दादा-वहिनी म्हणत. मालिकेतल्या माणसानं 'सौभद्र'च्या गद्याला घाबरायचं कारण नाही. रुसवे-फुगवे, दाराआडून ऐकणं, भावाला उलट बोलता न येणं, हा आपला रोजचा धंदा आहे.

पद्याचं काय ते ऑडिशनला कळलं. मार्चमधली दुपार, दादरमधली एक खोली, दिग्दर्शिका, निर्माते आणि ऑर्गनवर साठीचे एक काका. पायपेटीचा भाता पायानं हलवत त्यांनी विचारलं, "स्वर कुठला तुझा?"

"काळी चार."

"बरं," म्हणाले आणि पांढरी पाच दिली. पेटीवरची अर्धा स्वर खालची पट्टी. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. नंतर ते म्हणाले, "काळी चार तू घरी बसून गातेस. इथं तीन तास उभं राहून बोलायचंय, रडायचंय, त्यातून उठून गायचंय. तेव्हा जो उरतो तो तुझा स्वर." शेवटपर्यंत पांढरी पाचच राहिली. जे कुणी ऑडिशनला जाणार आहात त्यांनी आपला स्वर असा ठरवून जा: अर्धा तास मोठ्यांदा उतारे वाचा, जिना चढून या आणि मग सा लावून बघा.

त्यांनी मला पद म्हणायला सांगितलंच नाही. एक उतारा वाचायला दिला आणि त्याच्या शेवटी असलेली साकी. ती ठेक्याशिवाय म्हणायची होती, अंगावर आली. मी ती भजनासारखी, डोळे मिटून म्हटली. काका थांबले. "बाळ, डोळे उघड. ही तुला कुणाला तरी सांगायची आहे." पुन्हा म्हटली. दिग्दर्शिकेनं वहीत काहीतरी लिहिलं. "कळवतो" म्हणाले आणि मग बरेच दिवस काही नाही. या मधल्या शांततेची नाटकात सवय ठेवा. तिथं कास्टिंगचा माणूस रोज फॉलोअप घेत नसतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात होकार आला.

आणि मग कागद.

मालिकेचा करार तुमच्यापैकी बहुतेकांनी सही करताना वाचलेला नसतो, आता वाचा. त्यात बहुतेक वेळा एक कलम असतं की करार चालू असेपर्यंत लेखी परवानगीशिवाय दुसरं काम घेता येणार नाही. नाटक त्यात येतं का, हा वाद घालत बसू नका. सरळ एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, मागा. माझ्या बाबतीत ती अशी फिरली: मी निर्मिती संस्थेच्या ईपीला, म्हणजे कार्यकारी निर्मात्याला, मेल केला, त्यांनी तारखा शेड्युलिंगला दाखवल्या, मग ते चॅनेलकडे गेलं, तिथून काही शंका आल्या, आणि मग लेटरहेडवर पत्र. ईपी पहिल्याच दिवशी सेटवर म्हणाला होता, "अगं कर की, मस्त आहे." पत्र हातात पडेपर्यंत जून संपत आला. तोंडी होकारावर नाटकाचं पोस्टर छापायला देऊ नका.

मेलमध्ये काय लिहायचं ते सांगते, कारण माझा पहिला मेल "नाटकाचे प्रयोग कधी, किती?" एवढ्याच प्रश्नासह परत आला होता. तालमीच्या वेळा वेगळ्या लिहा आणि प्रयोगाच्या वेगळ्या. तालीम शूटिंगनंतर असेल तर तसं स्पष्ट लिहा. प्रयोग बाहेरगावी असेल तर प्रवास धरून वेळ लिहा. रविवारी रात्रीचा पुण्याचा प्रयोग म्हणजे सोमवारचा सकाळी सातचा कॉल जमणार नाही, हे शेड्युलिंगमधल्या माणसाला आपोआप कळत नाही. आमच्याकडे महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी सुट्टी असायची, तेवढ्याभोवती मी मागणी बांधली. आणि पुढच्या महिन्याच्या तारखा आधीच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत देईन असं स्वतःहून कबूल केलं. त्या एका ओळीमुळे गाडी हलली, असं ईपीनं नंतर सांगितलं.

अटी आल्याच. शूटिंगला प्राधान्य. भुवया, केस, काहीही बदलायचं नाही. आणि नाटकाच्या जाहिरातीत मालिकेचं नाव किंवा माझ्या पात्राचं नाव वापरायचं नाही. या शेवटच्या अटीवर निर्माते हिरमुसले, कारण त्यांना हवा होता तो चेहराच त्या पात्राचा होता. शेवटी फक्त माझं नाव आणि फोटो गेला. लोक ओळखायचे ते ओळखतातच.

नाटकाकडूनही पत्र घ्या, भले तिथले सगळे घरच्यासारखे वागोत. नाइट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, किती, प्रवास आणि राहणं कुणाचं, प्रयोग आयत्या वेळी रद्द झाला तर काय, आणि माझ्या तारखा अडकल्या तर काय. माझ्या पत्रात पहिल्यापासून एक पर्यायी सुभद्रा होती, मिरजेकडची मुलगी, वयानं माझ्यापेक्षा लहान, गळ्यानं बरीच मोठी. काही मित्रांनी कान भरले की ही तुझी रिप्लेसमेंट आधीच तयार ठेवलीय. मला तो सगळ्यात मोठा आधार वाटला. मालिकेत अचानक महाएपिसोड लागला तर चारपाचशे लोकांची तिकिटं परत करायची वेळ माझ्यामुळे आली नसती. आणि खरं सांगायचं तर गाण्यातल्या निम्म्या जागा मी तिच्याकडूनच उचलल्या.

रियाज एप्रिलपासूनच सुरू केला होता, पत्राची वाट न पाहता. ठाण्यात एका बाईंकडे आठवड्यातून दोनदा, महिन्याला तीन हजार रुपये. सकाळी नऊचा कॉल असेल तर सहाला उठून खर्ज, बाकी घोडबंदर रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये गाडीत तोंड मिटून. ड्रायव्हरदादांना सुभद्रेची पदं माझ्याआधी पाठ झाली. तानपुऱ्याचं अ‍ॅप मोबाइलवर फुकट मिळतं, सेटवरच्या मेकअप रूममध्ये तेच चालू ठेवायचे.

बाईंनी पहिल्याच दिवशी माझा मोबाइल बाजूला ठेवायला लावला. मी यूट्यूबवरून 'वद जाऊ कुणाला शरण'ची मिळतील तेवढी रेकॉर्डिंगं जमवली होती, आणि प्रत्येकात काहीतरी निराळं होतं. मैफलीत पद वीस मिनिटं चालतं, जुन्या तबकडीवर तीन मिनिटांत उरकतं. पुस्तकात पदाच्या डोक्यावर चाल दिलेली असते, पण ती त्या काळी लोकांच्या तोंडी असलेल्या कुठल्यातरी गाण्याची. ते गाणंच आज कुणाला ठाऊक नसतं. मग चाल कुठली धरायची? आमच्या दिग्दर्शिकेचा निर्णय ठाम होता. किर्लोस्करी वळण, पद लहान, शब्द पुढे, आलाप-ताना प्रसंग सोसेल तेवढ्याच. हे मला पटलं, अजूनही पटतं. संगीत नाटकाला आजचा तरुण प्रेक्षक कंटाळतो असं म्हणतात, त्यातला बराच कंटाळा पदाची मैफल केल्यामुळे येतो. गोष्ट ताटकळत उभी असते आणि नायिका तिसरी तिहाई घेते. ज्येष्ठ रसिकांना माझं हे म्हणणं आवडणार नाही, त्याला इलाज नाही.

मे महिन्यात आवाज बसला. मालिकेत माझ्या पात्राची सासू कोमात होती, त्यामुळे मी रोज बारा तास रडत होते. रडण्याचे रीटेक गळ्याचं जे करतात ते तारसप्तकही करत नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले, दुर्बिणीनं स्वरतंतू पाहिले, सगळं मिळून अडीच हजार रुपये. गाठ वगैरे काही नव्हती, सूज होती. त्यांनी सांगितलेलं मला नवीन होतं: आवाज बसला की कुजबुजायचं नाही, त्यानं जास्त ताण येतो. खाकरायचंही नाही, पाण्याचा घोट घ्यायचा. साध्या पाण्याची वाफ, आणि बोलणं कमी. 'बोलणं कमी' हे मालिकेत कसं जमवायचं? मी दिग्दर्शकाला चिठ्ठी दाखवली आणि त्या आठवड्यात मास्टर शॉटला, म्हणजे सगळा प्रसंग एकत्र टिपताना, नुसते ओठ हलवून क्लोजअपलाच आवाज दिला. संकोच न करता मागा, बहुतेक दिग्दर्शक देतात.

तालमी जुलैत परळच्या एका हॉलमध्ये सुरू झाल्या. साडेसात ते साडेदहा. मी सेटवरून येईपर्यंत आठ-सव्वाआठ व्हायचे, तोवर नारद-अर्जुनाचा प्रवेश बसायचा. पहिले काही दिवस वाचन, मग पदांची वेगळी तालीम, मग उभं राहून.

आणि इथे तो चौथा प्रश्न उभा राहिला. गद्य येत होतं, पद येत होतं, दोन्हीच्या मधलं येत नव्हतं. वाक्य संपायचं, मी एक श्वास घ्यायचे, मान थोडी वर जायची, हात पोटाशी, आणि गाणं. म्हणजे प्रत्येक वेळी सुभद्रा जाऊन तिच्या जागी स्पर्धेला आलेली मुलगी उभी राहायची. दिग्दर्शिका म्हणायची, "बाई गं, निवेदन करून गातेयस."

काकांनी त्यावर काम घेतलं. 'वद जाऊ कुणाला शरण'च्या आधी सुभद्रेचं तक्रारीचं बोलणं आहे. त्यातली शेवटची दोन वाक्यं मी बोलायला लागले की ते ऑर्गनवर सा अगदी बारीक धरायचे, पाय भात्यावर पडतोय की नाही कळू नये इतका. मी त्या सुराकडे लक्ष न देता बोलायचं, पण वाक्याचा शेवटचा शब्द त्याच्या जवळपास उतरवायचा. सुरात बोलायचं नाही, ते कीर्तन होतं. नुसता शेजारी. मग श्वास न घेता 'वद' म्हणायचं, जसं आपण "सांग ना" म्हणतो, आणि 'जाऊ'वर गाणं सुरू झालेलं असतं. श्वास घ्यायचा तो 'शरण'नंतर, कारण तोवर तिची तक्रार पूर्ण झालेली असते. हे एवढंसं. याला ऑगस्ट गेला. पण एकदा ते बसलं तेव्हा बाकीच्या पदांना मला वेगळं काही शिकावं लागलं नाही, प्रत्येक पदाआधीचं वाक्य शोधायचं, एवढंच.

पद संपल्यावरचं तितकंच महत्त्वाचं. टाळी येते. टाळी चालू असताना काय करायचं? नमस्कार करणाऱ्या जुन्या नटांचे किस्से सगळे सांगतात. आमच्याकडे ठरलं की सखीकडे बघत राहायचं, उत्तराची वाट बघत, आणि टाळी उतरायला लागली की सखीनं बोलायचं. 'अरसिक किती हा शेला' या अर्जुनाच्या पदाला त्याच्या हातात सुभद्रेचा शेला असतो, त्याच्याजवळ राहून गेलेला. तिथं टाळीत काय करायचं ते सोपं होतं, शेल्याची घडी घालायची. घडी पूर्ण होईपर्यंत टाळी टिकली नाही तरी कुणाचं बिघडत नाही. हातात वस्तू असेल तर ती वापरा. मालिकेत आपल्याला हे चांगलं येतं, पोळ्या लाटत कटकारस्थानं करायची सवय असते.

एक सूचना आली होती ती नोंदवते. निर्मात्यांच्या ओळखीतल्या कुणीतरी सुचवलं की माझी अवघड पदं स्टुडिओत रेकॉर्ड करून ट्रॅकवर घ्यावीत, चेहरा मालिकेचा, कुणाला कळणार आहे. काकांनी पेटीचं झाकण मिटलं, बोलले काहीच नाहीत. विषय तिथंच संपला.

तालमी चालू असताना 8 ऑगस्टच्या रात्री कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. त्या दिवशी तालमीत वाचनच झालं नाही. ज्यांनी तिथं कामं केली होती ते बोलत राहिले. मी तिथं कधी उभी राहिले नव्हते. डिसेंबरातल्या दौऱ्यातून कोल्हापूर गळालं.

संहितेचं प्रमाणपत्र हा भाग निर्मात्यांचा, पण मी व्यवस्थापकांना विचारून समजून घेतला, कारण उद्या स्वतः काही करायचं झालं तर माहीत असावं. किर्लोस्करांचं निधन 1885 चं, त्यामुळे हक्कांचा प्रश्न नाही. नटानं तेवढ्यावर 'जुनं नाटक आहे, परवानगी कशाला' असं समजू नये. महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता द्यावी लागते. आमची संहिता पाच अंकांची तीन तासांत बसवलेली, बरीच पदं गाळलेली, जोडवाक्यं नव्यानं लिहिलेली. म्हणून जसं होणार तसंच टाइप करून, अर्ज आणि शुल्कासह दिलं. प्रमाणपत्र यायला काही आठवडे लागतात. व्यवस्थापकांचा सल्ला: तालमीत संहिता पक्की होताच अर्ज टाका, शुभारंभाची तारीख धरून मागे मोजत बसू नका. तीन तासांचं बंधनही कलेपेक्षा नाट्यगृहाच्या सत्रांमुळे. सत्र उलटलं की जादा भाडं, आणि पुढच्या नाटकाची बस दाराशी उभी असते.

शुभारंभ नोव्हेंबरच्या मध्याला धरला होता, 'सौभद्र'च्या तारखेजवळ. 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान आलं आणि आम्हाला हवी ती सत्रं मिळेनात. शेवटी 30 नोव्हेंबर, शनिवार, पुणे. तिकीट चारशे, तीनशे आणि दोनशे. पाचशेपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी लागत नाही, म्हणून निर्माते त्याच्या वर जायला सहसा राजी नसतात.

रंगीत तालमीत कळलेल्या गोष्टी कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत. नऊवारी, शालू, त्यावर कंबरपट्टा. कंबरपट्टा आवळला की पोटानं श्वास घेता येत नाही आणि सगळं गाणं छातीवर येतं. उपाय: नेसताना पूर्ण श्वास भरून पोट फुगवून उभं राहायचं आणि कपडेपटवाल्या मावशींना तशा अवस्थेत पट्टा बांधायला सांगायचं. मी दीड हजाराची एक साधी नऊवारी घेऊन घरीच दोन महिने आधीपासून त्यात रियाज करत होते, त्याचा फायदा झाला. दुसरं, लेपल माइक. गळ्यात ठुशी, तन्मणी, मोहनमाळ. माइक छातीवर लावला की प्रत्येक वळणाला दागिन्यांचा खडखडाट स्पीकरमधून. तो शेवटी केसांच्या रेषेत, कपाळाच्या वर टेपनं चिकटवला. घामानं टेप सुटते, तेव्हा मध्यंतरात बदलायची, विसरायची नाही.

तिसरं, ऐकू येणं. ऑर्गन आणि तबला रंगमंचाच्या पुढे एका बाजूला बसतात. मी दुसऱ्या टोकाला गेले की मला सूर पुसट यायचा. सगळ्या पदांच्या सुरुवाती मग दिग्दर्शिकेनं मध्याच्या अलीकडे आणल्या. अर्जुनाचा स्वर काळी एक, माझा पांढरी पाच. त्याचं पद संपून लगेच माझं असलं की कानात त्याचा सा घुमत असतो. काका तिथं मुद्दाम माझा सा अर्ध्या मात्रेनं आधी द्यायचे.

प्रयोगाच्या दिवशी तिसरी घंटा, मग 'पंचतुंड नररुंडमालधर'. ही नांदी मूळ 'शाकुंतल'ची, पण संगीत नाटक कुठलंही असो, रंगमंचावर सगळे मिळून तीच म्हणायची पद्धत आम्हीही पाळली. मी पाठीमागच्या रांगेत होते. भीतीबद्दल विचाराल तर पहिल्या प्रवेशापर्यंत होती, आणि ती गाण्याची नव्हती. मालिकेत संपूर्ण पान पाठ करायची सवयच जाते. सकाळी संहिता येते, चार ओळींचे तुकडे होतात, संध्याकाळी विसरायचं. इथं तीन तास कुणी 'कट' म्हणणार नाही ही भीती. विंगेत प्रॉम्प्टर होता, त्याची गरज पडली नाही.

प्रयोग कसा झाला? व्यवस्थित. नारदाला टाळ्या, कृष्णाच्या 'नच सुंदरी करू कोपा'ला वन्स मोअर. मला 'वद जाऊ'ला बरी टाळी. मध्यंतरात एक आजी आत आल्या, माझा हात धरून म्हणाल्या, "मालिकेत रडतेस तशीच छान रडतेस गं." मागे उभ्या पर्यायी सुभद्रेला हसू आवरेना.

वन्स मोअरचं सांगायला हवं, कारण नवीन माणूस गडबडतो. तो घ्यायचा की नाही ते आमच्याकडे काका ठरवतात. त्यांनी मान हलवली तरच पुन्हा, आणि पूर्ण पद नाही, अस्ताईपासून, म्हणजे पदाच्या पहिल्या भागापासून, एक फेरी. आपण जिथून पद सुरू केलं तिथं परत चालत जायचं नाही. असाल तिथून उचलायचं. जानेवारीत फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात प्रयोग होता, तिथं हे फार उपयोगी पडलं. गोव्यात देवळाच्या जत्रेला गावातली माणसंच संगीत नाटकं करतात, त्यामुळे प्रेक्षागृहातल्या अनेकांनी स्वतः कधीतरी अर्जुन किंवा बलराम केलेला असतो. 'पांडुनृपति जनक जया' सुरू झालं तर तिसऱ्या रांगेतून माझ्याबरोबर शब्द येत होते, माझ्या जरा पुढेच. माझं नाव माहीत नसलेलेही पुष्कळ होते. प्रयोगानंतर एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन एका साकीतला उच्चार दुरुस्त करून दिला. त्यांचं बरोबर होतं, पुढच्या प्रयोगापासून तसाच केला.

पैसे. माझी नाइट मालिकेच्या एका दिवसाच्या निम्म्याहून कमी आहे. त्यातून दहा टक्के टीडीएस कापून खात्यात येतात. नाटकवाल्यांकडून पॅन आणि रद्द केलेला चेक पहिल्याच तालमीला मागितला जातो, आधीच देऊन टाका, आणि वर्षअखेरी कापलेला कर आपल्या नावावर दिसतो का ते तपासा. प्रवास दौऱ्याच्या बसनं फुकट असतो, पण शूटिंग संपवून थेट जायचं तर मुंबई-पुणे टॅक्सी आपल्या खिशातून, ती एका नाइटचा बराच भाग खाते. मालिकेचे पैसे नव्वद दिवसांनी येतात, नाटकाचे त्याच महिन्याच्या शेवटी. त्यामुळे नोव्हेंबरच्या प्रयोगाचे पैसे नोव्हेंबरच्या शूटिंगच्या आधी मिळाले. एवढंच आर्थिक यश.

मालिका मे 2025 मध्ये संपली. दुसरी साइन करताना मी एनओसीच्या वाटेला गेलेच नाही. करारावर सही करण्याआधीच त्यात कलम घालून घेतलं की 'संगीत सौभद्र'चे प्रयोग हे मान्य केलेलं आधीचं काम आहे आणि त्यासाठी महिन्यातले दोन शनिवार-रविवार मोकळे ठेवले जातील. त्यावर मेल बरेच चालले, पण सही व्हायच्या आधी तुमच्या शब्दाला जे वजन असतं ते नंतर नसतं, तेव्हा जे मागायचं ते तेव्हाच मागा. पुढचा प्रयोग सांगलीला आहे. तो पर्यायी सुभद्रा करतेय, कारण ती तारीख त्या दोन शनिवार-रविवारांत बसत नाही आणि त्या दिवशी मालिकेत माझं लग्न आहे.